गच्चीच्या काठापर्यंत कुरडया

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, सकाळी मला सगळं छान वाटतं आणि संध्याकाळी उगाच रडू येतं. मला बायपोलर तर नसेल?" मोठा लगेच म्हणाला, "आपल्या घरात आहे ना ते." तुमची आई फोन घेऊन आत गेली आणि विषय तिथेच मिटला. घरात आहे हे खरं. पण काय आहे ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शंका उरली तर त्यांच्याकडेच जा. मी फक्त पाहिलं ते सांगते.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची काकूआजी, मुळातच लहरी. माहेरचा फोन आला नाही की तोंड फुगायचं. आला की दुपारपर्यंत गाणं चालू. मी चिडवायची, "आज हवा कुठली?" ती म्हणायची, "बाई, तुमच्यासारखं शाळेच्या घंटेवानी मले नाही राहता येत." फुगली तरी कारण सापडायचं, आणि चहाबरोबर रुसवा बहुधा विरघळायचाही.

एका हिवाळ्यात ती गप्प झाली. न्हाणीघरात पाणी गार होईपर्यंत बसून राहायची. हाक मारली की मान वळवायची, पण बघायची माझ्या खांद्यावरून, मागे कोणी उभं असल्यासारखं. एकदा मी खरंच मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, मी टॉनिक आणलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ती उठली, अंगण झाडलं, अन् सगळं घर म्हणालं, "उतरली एकदाची नजर."

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षभराच्या कुरडया होतात. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवून सोऱ्यानं गच्चीवर साड्यांवर घालायचा. या कामात जिचा हात चालतो तिचं गल्लीभर कौतुक. त्यामुळे जावेनं पातेल्यात, मग बादल्यांत, मग आंघोळीच्या पिंपातही गहू भिजवले, तेव्हा कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. घरभर आंबूस वास. तिचं अंथरूण मात्र रोज सकाळी घडी न मोडलेलं.

शेजारीण म्हणाली, "काऊन वं, दुकान टाकतं काय?"

"दुकान काय, सारा जिल्हा पोसीन मी!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. बाकीच्यांचं हसणं थांबलं, तिचं थांबलं नाही.

मग ती दुपार. आपल्या गावच्या, मोताळ्याच्या उन्हात गल्लीतली दारं बंद, कुत्रीसुद्धा दिसेनात. वरून बोलणं ऐकू येत होतं, दोन-तीन माणसं जमल्यासारखं. मी वर गेले. ती एकटीच होती. सगळी गच्ची पांढरी. तिचा लग्नातला शालूही अंथरलेला. तापलेल्या स्लॅबवर ती अनवाणी.

"हे आईचं. हे आत्याचं. हे मामंजींचं," ती वाटे दाखवत होती. तिघंही केव्हाच गेलेली. प्रत्येक वाट्यापाशी थांबायची, ऐकायची, आणि उत्तर द्यायची, "हाव, मीठ बेताचंच टाकलं."

मी म्हटलं, "मामंजींना कुरडई चावायला दात कुठे होते गं?" एरवी पोट धरून हसली असती. तिनं माझ्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसं, फार अदबीनं पाहिलं. मग सोऱ्या घेऊन काठाकडे निघाली. तेव्हा आपल्या गच्चीला कठडा नव्हता.

"समोर लय जागा हाय, बाई. कोणी सांगितलंच नाही आपल्याले."

समोर गल्लीवरची तापलेली हवा होती, दुसरं काही नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. मी खाली वाकून कुरडया वाळलेल्या एका साडीची दोन टोकं उचलली आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "धर गं तिकडून, उचलायचंय." अशी साडी एकटीनं उचलली की कुरडया मोडतात, आम्ही दोघी ती कायम मिळूनच उचलत आलो होतो. तिनं सोऱ्या खाली ठेवला, वळली, तिकडची टोकं धरली. मी उलट्या पावलांनी जिन्याकडे सरकत गेले, ती साडी ताणून धरत माझ्यामागे आली. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, मागे पाहिलं आणि म्हणाली, "या, या. पायऱ्या उंच हायेत, जपून." मग सगळ्यांना वाट द्यावी तशी भिंतीला चिकटून उभी राहिली. मीही अंग चोरलं.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेचं विचारलं, आणि मग आम्ही ज्याला नजर म्हणत होतो त्या हिवाळ्याचं. म्हणाले, "दिवसभरात मन वरखाली होतं, ते सगळ्यांचंच होतं. हे दिवसचे दिवस एकाच टोकाला राहतं, झोपेची गरजच उरत नाही, समजावून वळत नाही. ते गप्प बसणं आणि ही धावपळ, एकाच आजाराची दोन टोकं. यालाच बायपोलर म्हणतात." आम्ही जिला बरी झाली समजलो, ती दुसऱ्या टोकाला पोचली होती.

धाकटे, तुझं रडू मैत्रिणीचा मेसेज आल्यावर थांबलं, हे तूच सांगितलंस. तरी झोप उडाली, किंवा आठवडाभर मन एकाच जागी अडकलं, तर लपवू नकोस.

नंतर एकदा काकूआजीचं पुन्हा बिनसलं होतं. झोप कमी झालेली मी वेळेवर ओळखली. गोळ्या अजून चालू आहेत, त्यांचं रक्तातलं प्रमाण तपासायला आम्ही दोघी एसटीनं जातो. काल भाजी खारट झाली असं मी म्हटलं म्हणून ती माझ्याशी तासभर बोलली नाही. ती आहे, आणि ती स्वतःसारखी आहे.