पल्लवीचा लॅपटॉप

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या पल्लवीला तर नाहीच. दोनतीनदा तोंडाशी आलं, तेव्हा गिळून टाकलं. आता लिहून बघते. लिहिताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही — हाही भित्रेपणाच, माहीत आहे मला.

गोष्ट एका कॉम्प्युटरची आहे. घरात एकच घ्यायचा, बजेट बेताचं, वापरणाऱ्या आम्ही दोघी बहिणी. पल्लवीला अभ्यासाला हवा होता आणि मला गेम खेळायला. यात लपवण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

आम्ही लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. एक खोली, वर पोटमाळा, बाहेर कॉमन गॅलरी. बाबा लोअर परळच्या एका ऑफिस-टॉवरमध्ये लिफ्टमन होते. आई हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, त्यामुळे खिडकीखालची जागा तिच्या मशीनची. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची — सकाळी सात ते तीन. पल्लवी माझ्याहून चार वर्षांनी लहान. गणितात हुशार. माझ्यासारखी नाही — मी मार्क मिळवायचे, तिला ते खरोखर कळायचं. हा फरक घरात फक्त मला दिसायचा. आईबाबांना आम्ही दोघी सारख्याच हुशार.

बी.एस्सी. झाल्यावर पल्लवीने दादरच्या एका संस्थेची परीक्षा दिली. डेटा अ‍ॅनालिसिसचा वर्षाचा कोर्स. फी आम्हाला झेपण्यातली नव्हती, पण पहिल्या काही मुलांना ती माफ होती, आणि पल्लवी त्या यादीत आली. आमच्या घरातून असं यादीत नाव येणारी ती पहिली. बाबांनी मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत पेढे वाटले. कोर्ससाठी स्वतःचा कॉम्प्युटर लागणार होता. बाबांची भिशी नेमकी तेव्हाच लागली, आणि ते मला म्हणाले, "माका त्यातला काय कळणा नाय. तू सांगशीत ता घेवया."

तू सांगशील ते. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. आणि मी त्याचं काय केलं?

थांबा, आधी गेमचं सांगते. ती सबब नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिप्लोमाला असताना मैत्रिणीच्या घरी मी एक ऑनलाइन गेम खेळायला लागले. पाच जणांची टीम, समोर पाच जण. मी त्यात चांगली होते. म्हणजे खरंच चांगली. आमच्या टीममध्ये नागपूरचा एक, कोचीचा एक, बाकी कुठले कुठले — कुणी मला पाहिलेलं नव्हतं, पण सगळे माझं ऐकायचे. 'अश्विनी बोल, काय करायचं?' मॅच सुरू होताना हेडफोनमध्ये हे वाक्य यायचं. लॅबमध्ये माझं नावसुद्धा कुणी घेत नसे, 'ओ मॅडम, रिपोर्ट' एवढंच. मग मैत्रिणीचं लग्न झालं, ती ठाण्याला गेली, आणि माझं खेळणं बंद पडलं. बंद पडलं म्हणजे रोज आठ वाजले की आता ते खेळत असतील हे डोक्यात यायचं. मी चोवीस वर्षांची होते. लहान नव्हते.

पल्लवीला लॅपटॉप हवा होता. तिचं म्हणणं साधं होतं — घरात अभ्यास होत नाही. आईचं मशीन, शेजारचा टीव्ही, गणपतीच्या आधी दोन महिने खाली ढोलांचा सराव. नायगावला एक फुकट अभ्यासिका होती, तिथे बसून तिने बी.एस्सी. काढली होती. लॅपटॉप असेल तर तिथेच घेऊन बसेन, म्हणाली. पण कोणता घ्यायचा ते तिला कळत नव्हतं, आणि अनोळखी माणसांशी फोनवर बोलायला तर ती घाबरायचीच. "ताई, तूच विचार ना संस्थेत. मी काहीतरी चुकीचं विचारीन."

मी लॅबमधून दुपारी फोन केला. तिथल्या ऑफिसातल्या बाई फार नीट बोलल्या. साधा लॅपटॉप चालेल, म्हणाल्या. आठ जीबी रॅम बघून घ्या, महागडं काही घेऊ नका. ग्राफिक्स कार्ड तर अजिबात नको, ते गेम खेळणाऱ्यांना लागतं, या कोर्सला त्याचा उपयोग नाही. पण लॅपटॉपच घ्या हं, दर शनिवारी प्रॅक्टिकल असतं, मुलांना आपापला घेऊन यावा लागतो.

मी सगळं एका रिपोर्टच्या मागे लिहून घेतलं. तेवढ्या पैशात बरा लॅपटॉप येत होता, मला दुकानं माहीत होती, किमती माहीत होत्या. आणि हेही माहीत होतं की त्या लॅपटॉपवर माझा गेम चालणार नाही. नीट चालेल असा लॅपटॉप आमच्या बजेटच्या दुप्पट. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जोडून घेतला, कार्ड जुनं घेतलं, तर मात्र चालेल.

लॅबपासून घरापर्यंत मी चालत आले. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी काय करणार हे ठरवलं होतं का? मला आठवतं त्याप्रमाणे नाही. पण असं कसं होईल? घरात शिरल्यावर वाक्य अगदी तयार बाहेर आलं, कुठेही न अडखळता. म्हणजे ठरलेलंच होतं.

मी म्हणाले, "बाई म्हणाल्या, ग्राफिक्स कार्ड लागेल. त्याशिवाय सॉफ्टवेअर चालणार नाही. या बजेटात लॅपटॉप जमायचा नाही, डेस्कटॉप घ्या म्हणाल्या."

झालं. हाच तो गुन्हा. एवढाच.

पल्लवीचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "मग शनिवारच्या प्रॅक्टिकलचं काय?" माहितीपत्रकात ते छापलेलं होतं, मी विसरलेच होते. मी म्हणाले, "तिथे असतील की मशीन." आई मध्ये बोलली, "ताईला त्यातलं कळतं, पलू. ती तुझ्या वाईटाचं सांगेल का?"

बाबांनी शनिवारी रजा टाकली आणि आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. मी काउंटरवर उभी राहून एकेक पार्ट सांगत होते — प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, मॉनिटर. दुकानदार बाबांना म्हणाला, "मुलगी हुशार आहे तुमची." बाबा केवढे खुलले. परतताना मॉनिटरचा खोका त्यांनी मांडीवर धरला होता, मला हात लावू दिला नाही.

टेबलाला जागा करायला आईचं मशीन गॅलरीत गेलं. मधे सतरंजीचा आडपडदा लावून ती तिथे बसायची. वेळा ठरल्या. दुपारी साडेतीनपासून मी 'सेटिंग बघते' म्हणायचे. पल्लवी दुपारी संस्थेत असायची, ती आली की संध्याकाळी सात ते नऊ तिचे. म्हणजे चाळीत सगळ्यांत जास्त आवाज असतो ते दोन तास. कानात बोळे घालून ती बसायची. तिने कधी तक्रार केली नाही. मीच आठला घड्याळ बघायचे, टीमची मॅच तेव्हाच सुरू व्हायची.

शनिवारी संस्थेत मशीन नव्हती. सगळे आपापले लॅपटॉप उघडून बसायचे, पल्लवी कुणाच्या तरी शेजारी खुर्ची ओढून बघत राहायची. पहिल्यांदा एका मुलीने आनंदाने शेजारी बसवून घेतलं, दुसऱ्यांदाही. मग ती मुलगी दुसऱ्या रांगेत बसायला लागली. हे मला पल्लवीने एका शनिवारी पोहे निवडता निवडता सांगितलं, मान खाली घालून. मग विचारलं, "ताई, तू नीट विचारलं होतंस ना? सगळ्यांकडे साधेच लॅपटॉप आहेत गं."

तेव्हा सांगता आलं असतं. कार्ड विकून, मशीन परत देऊन, थोडं नुकसान सोसून लॅपटॉप आणता आला असता. अजून महिनाही झाला नव्हता. मी म्हणाले, "त्यांचे चालतात तोवर चालतील. पुढचा भाग आला की बघ कसे अडकतात ते." ती परत पोहे निवडायला लागली. ते लॅपटॉप अडकण्याची ती वाट बघत राहिली असेल का? हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे.

दिवाळीनंतर ती शनिवारी जाईनाशी झाली. फी माफ असलेल्यांना हजेरीची अट होती. संस्थेने दोन मेल पाठवले, तिने घरात दाखवले नाहीत. फेब्रुवारीत तिने कोर्स सोडला. बाबा एवढंच म्हणाले, "जमूक नाय तर नाय. डोक्याक ताप नको." त्यानंतर ते कुणाला तिच्या कोर्सबद्दल काही सांगत नसत. पल्लवीने हिंदमाताला एका साडीच्या दुकानात बिलिंगची नोकरी धरली. आज आठ वर्षं तिथेच आहे. सगळा स्टॉक तिला तोंडपाठ असतो, मालक तिला विचारल्याशिवाय माल मागवत नाही. लोक म्हणतात, हिशेबाला काय पक्की आहे. मला ते ऐकवत नाही.

माझी टीम वर्षभरात फुटली. नागपूरच्याला नोकरी लागली, बाकीचे पांगले. मी आता काही खेळत नाही.

हे सगळं आत्ता का वर आलं — तर मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या राणेकाकू आल्या. त्यांच्या मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. मुलीला गेमही खेळायचे आहेत म्हणे. पल्लवी लगेच म्हणाली, "ताईला विचारा. माझाही तिनेच बघून दिला होता. एवढा चांगला होता, मलाच काही करता आलं नाही त्याचं."

मलाच करता आलं नाही. आठ वर्षं ती हे असं मनात धरून बसली आहे, आणि असं सहज बोलते.

मी काकूंना दहा मिनिटांत सगळं सांगितलं. एक साधा लॅपटॉप घ्या. अभ्यास कुठे बसून करणार ते आधी तिला विचारा, त्यावर सगळं ठरतं. ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका, हलकेफुलके गेम तसेही चालतील, मोठे गेम कमावायला लागली की खेळेल. काकूंनी विचारलं, आकडेमोडीच्या कोर्सला तरी लागतं का कार्ड? मी म्हणाले, "छे, त्याला कशाला."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पल्लवी ओट्याशी चहा गाळत होती. तिने गाळणी तशीच धरली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग तेव्हा मला का लागत होतं?"

काकू बसल्या होत्या, आई बसली होती. मी म्हणाले, "तेव्हाची सॉफ्टवेअर वेगळी होती गं."

"हो का," ती म्हणाली. तिने चार कप भरले, मला माझा आणून दिला. साखर कमी घातलेला, मला लागतो तसा. तिला कळलं का? मला वाटतं, कळलं. त्या दिवसानंतर तिने मला स्वतःहून फोन केलेला नाही. मी केला की नीट बोलते.

एक राहिलं. ते मी वर टाळलं, कोर्स सोडल्याचं एका ओळीत उरकलं. त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. आई माल पोचवायला गेली होती, घरात मी एकटी होते. ती दारातच म्हणाली, "ताई, मी नाव काढून आले," आणि उभ्याउभ्या रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि माझ्या मनात जे पहिलं आलं ते असं — आता आठची मॅच चुकणार नाही.

हे तेव्हा मला वाटलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.