सगळ्यात खालचा शिपाई

गोरेगावहून सेनगावच्या शाळेत मी जीपने जायचो, तेव्हा एक म्हातारे फौजी रोज सोबत असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना फौजीच म्हणायचे. अंगावर साधं धोतर, पण पायात पॉलिश केलेले काळे बूट. जीपच्या मागच्या दाराशी उभं राहून ते बायाबापड्यांना आधी चढवायचे, मागं कोणी राहिलं का ते बघायचे आणि मगच सीटच्या टोकाला टेकायचे.

एकदा मी विचारलं, फौजेत कोणावर कोण असतं? ते बोटांची पेरं मोजू लागले.

"दहा जवानांचा सेक्शन, त्याच्यावर हवालदार. तीन सेक्शनची एक प्लाटून. मंग कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन..."

पेरं चढत चढत ते सेनाप्रमुखांपर्यंत आणि तिथून राष्ट्रपतींपर्यंत पोचले. तोवर त्यांची वाकलेली पाठ ताठ झाली होती.

"आणि तुमच्या खाली कोण होतं?"

"कोन्ही न्हाई, गुरुजी. मी शेवटपर्यंत शिपाईच व्हतो."

समोर बसलेला एक दुकानदार हसला. "म्हंजे समद्यात खाली तुमीच."

फौजी रागावले नाहीत. जीपच्या फुटक्या पत्र्यातून खाली रस्ता पळताना दिसत होता, तो त्यांनी बुटाच्या टोकाने दाखवला.

"माझ्याखाली जमीन व्हती. तिच्यासाठीच तर वरचे समदे व्हते."

पुढे ते जीपला येईनासे झाले. परवा ड्रायव्हर माझ्यावर वैतागला. "गुरुजी, काहून थांबून राहिले? बसा की."

मी दाराशी उभा होतो, मागं कोणी राहिलं का ते बघत.