परातीवरचा चंद्रोदय

माझा मेव्हणा कबनूरला कापडाचे माग चालवतो. वीज गेली की माग थांबतात आणि ह्याचा मोबाईल सुरू होतो. त्या मोबाईलनं त्याला पृथ्वी सपाट असल्याचं पटवलं, आणि आम्हाला पटवायचा विडा त्यानं उचलला.

एका संकष्टीला तो दुपारीच हजर झाला. स्वयंपाकघरातली परात आणून बाहेरच्या सोप्यात मधोमध ठेवली, तिच्यावर खडूनं आमचं कोल्हापूर काढलं, आणि लिंबाचा सूर्य नि सुपारीचा चंद्र वरून गोल गोल फिरवायला लागला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझं डोकं तापलं. पण बायकोच्या माहेरच्या माणसापुढं भूगोल चालत नाही.

बायको सकाळपासून उपाशी होती. ही संकष्टी ती ह्याच भावासाठी करते. लहानपणी तो तापानं फणफणला होता तेव्हा धरलेली. तो धडधाकट झाला तरी तिनं सोडली नाही. ती परातीकडं बघत म्हणाली, "एवढं फिरवतोयस, तर चंद्र आज कवा उगवतोय तेवढं सांग. तू सांगशील तवाच उपास सोडीन. कॅलेंडर बघत न्हाय मी."

मेव्हण्यानं सुपारी सुलटी फिरवली, उलटी फिरवली. परात ढिम्म. आज सुपारी नेमकी कुठं ठेवायची, हे तिला कसं ठाऊक असणार? ते आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. थोड्या वेळानं त्याला तहान लागली. समोर भरलेला तांब्या असताना तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, जिथं आमचं कॅलेंडर लटकतं. परत आला तो थेट सुपारी जागेवर ठेवून मिनिटासकट वेळ सांगूनच बसला. मी हसू दाबलं. ती वेळ काढणारे लोक पृथ्वी गोल धरूनच गणित मांडतात. म्हणजे ह्याच्या सपाट पृथ्वीवर चंद्र उगवणार तो गोल पृथ्वीच्या परवानगीनं.

रात्री गच्चीवर ताटं वाढली. वेळ झाली, पण चंद्राचा पत्ता नाही. धुकं असंल, असं मेव्हणा म्हणाला. चांदण्या तर लख्ख दिसत होत्या.

"तुझ्या हिशेबानं उगवलाय न्हवं? मग जेवते मी," असं म्हणून बायकोनं घास उचलला. ती थट्टा करत नव्हती. दिलेला शब्द ती पाळतेच, आणि भुकेनं तिचा चेहरा उतरला होता. चंद्र न बघता जेवली तर इतक्या वर्षांची संकष्टी मोडणार होती.

मेव्हण्यानं तिचा हात धरला. "थांब आक्का. मी कॅलेंडर बघितलंतं."

"आणि फुडचंच पान बघितलंस," ती म्हणाली आणि घास परत ठेवला. ते कॅलेंडर माझ्या बहिणीनं नागपूरहून पाठवलेलं. पुढं नागपूरची वेळ छापलेली, कोल्हापूरची मागच्या तक्त्यात. नागपूर पूर्वेला, तिथं चंद्र वीसेक मिनिटं आधी उगवतो. पठ्ठ्यानं कॉपी केली, तीही परगावच्या उत्तराची.

नागपूरला आधी का उगवतो, असं त्यानं हळूच मला विचारलं. भूगोलाचा प्रश्न आपणहून विचारणारा असा विद्यार्थी मला कधी भेटला नव्हता. मी घसा खाकरला, तर बायकोनं डोळे वटारले.

मेव्हण्याचा काही उपास नव्हता. दुपारी दोनदा पोहे झाले होते. तरी त्यानं ताटाला हात लावला नाही, की मोबाईलला. कठड्याला टेकून पूर्वेकडं बघत राहिला. शेवटी शेजारच्या टाकीमागून तांबूस कड वर आली. अख्खा चंद्र दिसेपर्यंत तो थांबला, मग बहिणीकडं वळला.

"आता जेव आक्का. ह्यो खरा हाय."