मामाच्या वाटणीची अर्धी चादर

आईचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. बबनमामा गेला म्हणाली, सर्दीचंच निमित्त झालं. मी परत परत एकच विचारत राहिले, सर्दीनं कुणी मरतं का...

मामा कोल्हारचा. शेजारी साखर कारखाना. उसाचं गळीत सुरू झालं की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी आणि घराघरात चोंदलेली नाकं. मामाचं ठरलेलं, "धुराडं थांबलं की नाक उघडतंय." मी लहानपणापासून हिवाळ्यात तिकडं गेले की मामी पातेल्यात ओवा टाकून पाणी उकळायची, आणि मी न् मामा एकाच डबलच्या चादरीत डोकी घालून वाफ घ्यायचो. आत अंधार, आणि मामाचा एका नाकपुडीतनं शिट्टीसारखा येणारा श्वास. मग तपासणी. मामाला पूर्वी एकदा सायनस झालेलं, तेव्हा डॉक्टरनं विचारलेलं सगळं तो मला विचारायचा. "वाक जरा. एका बाजूचा गाल ठणकतोय? वरच्या दाढा?" मी नाही म्हणायचे. "मग साधी हाय. पळ."

"पण मामा, शेंबूड हिरवा आहे."

"नुसत्या रंगावर काय न्हाई. बरं वाटून परत उलटलं, तर मातर सांग."

आणि त्याचं स्वतःचं अगदी तसंच झालं. मामीनं नंतर सांगितलं, सर्दी ओसरली होती, पिठलं-भाकरी मागून खाल्ली, आणि मग परत ताप, कपाळाची एकच बाजू दुखायला लागली. मामी म्हणाली दवाखान्यात चला. तर म्हणे, "दाढ किडली आसंल. आन् नाकाचं काय, धुराडं चालूच हाय की."

"लोकांना वाका वाका म्हनता, सवता वाका की येकदा."

मामा नुसता हसला. वाकला नाही. डोळा सुजला तेव्हा नगरला नेलं, पण तोवर सायनसचं इन्फेक्शन डोळ्यामागून मेंदूत पसरलं होतं...

तेराव्यानंतर मी मामीजवळच राहिले. मलाही सर्दी होती, मग कमी झाली, मग परत भरली. रडून झालं असेल म्हणून सोडून दिलं. मामीनं पातेलं ठेवलं आणि सवयीनं तीच डबलची चादर काढली. मी आत डोकं घातलं. थोड्या वेळानं शेजारून शिट्टी ऐकू आली. माझंच नाक वाजतंय वाटलं, म्हणून श्वास रोखला. शिट्टी चालूच. आत जात होती, बाहेर येत होती, शांतपणे... आणि का कोण जाणे, मी वाकले. डावा गाल असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दुपारी मामीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, सायनसच आहे, वेळेत आलात. औषधं घेतली, बरी झाले. मामीला शिट्टीचं सांगितलं, तर ती घाबरली नाही. "मला रोज येतीय ऐकू," एवढंच म्हणाली.

आता गळीत संपलंय. धुराडं थांबलं, दोरीवरचे कपडे पांढरे निघतात, गावातली सगळी नाकं उघडलीत. परवा मी उगाच, काही झालेलं नसताना, पातेलं ठेवलं आणि चादर घेऊन बसले, अर्धी बाजू मोकळी सोडून.

एक नाक अजून उघडलेलं नाही.