आत्याच्या हाताचा गुण

"पोर गुणाची आहे हो, काही म्हणजे काही त्रास नाही," असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्याला वाटतं, मॅडमना बरं वाटेल. मला तिथूनच धास्ती लागते.

ज्यांच्या बुद्धीची वाढ फारच कमी झालीय आणि ज्यांना एकही शब्द येत नाही, अशी माणसं 'हवं', 'नको', 'पुरे' कसं सांगतात ते शोधून काढणं हे माझं काम. शब्द नसले तरी सांगतात सगळीच. कुणी ताट ढकलतं, कुणी ओठ घट्ट मिटून घेतं, कुणी कडकडून चावतं. चावणाऱ्यांच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, पण त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांचं 'नको' धडधाकट असतं. मला भीती वाटते ती गुणी माणसांची.

अमरावतीतल्या त्या घरी मी गेले तेव्हा एप्रिल होता. घरात दोघीच, विधवा आई आणि तिशी ओलांडलेली मुलगी. आईच्या पोटात गाठ निघाली होती, पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन होतं. तेवढे दिवस मुलगी अकोल्याला, आत्याकडे जाणार होती. नणंदबाई तिला न्यायला त्याच दिवशी यायच्या होत्या.

"मी नसली तं हिचं कोन वळखन?" आई म्हणाली. "तुमी एकडाव पाहून घ्या अन् आमच्या ताईले समजावून द्या. तसं ताईच्या हाताले गुन आहे म्हना. त्यायनं डोक्यावर हात ठेवला का पोरगी झोपूनच जाते."

मी 'हवं'पासून सुरुवात केली. वाटीभर आंब्याचा रस घेतला, दोन चमचे भरवले आणि हात मध्येच थांबवला. थांबणं हीच या कामातली खरी कसरत. घरच्यांना दम धरवत नाही, ते लगेच "दे नं, दे नं" करतात. मुलीनं चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ओठांवरून जीभ फिरवली. इतकं स्पष्ट 'आणखी' मी कित्येक बोलणाऱ्या माणसांकडूनही ऐकलेलं नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या खाला आल्या, की ती त्यांच्या ओढणीचं टोक धरून ठेवते, हेही आईनं सांगितलं. 'जाऊ नको' तिला येत होतं.

"आणि नको कसं म्हणते?"

"नाई म्हनतच नाई कदी," आई अभिमानानं म्हणाली. "नखं कापाले घेतली का झोपते. कडू औषध देलं का झोपते. लय गुनाची आहे."

उन्हाळ्यात जेवल्यावर डोळा लागणं मी समजू शकते. नेलकटर पाहून लागतो? मी कूलर बंद करायला सांगितला. त्याच्या घरघरीत मुलीचा श्वास ऐकू येत नव्हता.

"जीव जाईन ना मॅडम, एवढ्या गर्मीत!"

"घाम येईल फक्त," मी म्हटलं आणि आईच्या पोटातली गाठ आठवून जीभ चावली.

आईनं नेलकटर हातात घेतलं. मुलीचे डोळे मिटले, मान कलली. कुणीही म्हटलं असतं, झोपली. पण झोपलेल्या माणसाचा हात सैल पडतो, श्वास खोल जातो. हिचा श्वास वरच्यावर चालला होता आणि अंगठा मुठीत आत गेला होता. मी नेलकटर पाठीमागे लपवायला सांगितलं. थोड्या वेळानं अंगठा बाहेर आला, मग डोळे उघडले. औषधाची बाटली आणली, पुन्हा तेच.

"ही झोप नाही," मी आईला म्हटलं. "हे तिचं 'नको' आहे. हातपाय झाडून कुणी थांबत नाही, हे तिला कधीतरी कळलं असणार. उठून तर जाता येत नाही. म्हणून ती डोळे मिटून निघून जाते."

आई आधी हसली. "लबाड हाये मंग माही बाई!" तिनं लेकीचा गालगुच्चा घेतला आणि पुन्हा रस भरवायला बसली. मलाही बरं वाटलं. घामानं आम्ही तिघी निथळत होतो, पण कूलर लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणूनच ऑटो थांबल्याचं ऐकू आलं. मग फाटकाची कडी वाजली आणि बाहेरून आवाज आला, "वैनी, आहे का घरी?"

मुलीच्या ओठांत चमचा होता. तिचे डोळे मिटले. रस हनुवटीवरून ओघळला आणि अंगठा मुठीत गेला. आत्या अजून अंगणातच होती.

आत्या आत आली. हसतमुख, ठसठशीत बाई. तिनं पिशवी ठेवली आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाहा मॅडम, मी आली का कशी निवांत होते! काहून वं, कूलर काहून बंद केला?"

अकोल्याच्या त्या घरात काय होत होतं, मला माहीत नाही. आजही नाही. आत्याचा चेहरा चारचौघींसारखाच होता. मी काही बोलणार तोच माझं लक्ष आईकडे गेलं. ती नणंदेकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्या मुठीवर होती.

"ताई," ती म्हणाली, "हिले नाई पाठवत मी."

"मंग ऑपरेशन?"

"खालाजवळ ठेवीन."

आत्या हसली. मग तिचं हसू गेलं. भाचीच्या डोक्यावरचा हात तिनं काढला, पाण्याला नको म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. कडी वाजल्यावर बऱ्याच वेळानं मुलीनं डोळे उघडले आणि चमच्याकडे पाहिलं.

आई पदरानं तिची हनुवटी पुसत होती. पुसून झाली तरी पुसतच राहिली.

"मागच्या दिवाळीत माहा पाय मोडला होता," ती म्हणाली. "तवा ही महिनाभर अकोल्यालेच होती. मी रोज फोन करो. ताई म्हने, 'काई तरास नाई वैनी, दिवसभर झोपूनच रायते तुही पोरगी.' अन् मी इथून देवाले हात जोडो."