सहा ठिपक्यांतली मराठी

आत्याचं वाचायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा मी घरूनच नोकरी करता येते म्हणून कुंभकोणमला परत येऊन राहिले होते. घरात आम्ही तिघं. अप्पा, मी आणि अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. ती जन्मापासून अंध. अंध मुलांच्या शाळेत तिनं आयुष्यभर तमिळ शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर निरोप म्हणून शाळेनं तिला ते यंत्र दिलं.

यंत्र म्हणजे एक लांबट चपटी डबी. संगणकाला जोडली की पडद्यावरची ओळ तिच्यावर ब्रेलमध्ये उमटायची. डबीच्या कडेनं ओळीनं बारीक बारीक खिडक्या, प्रत्येक खिडकीत मोहरीहून लहान टोकांचे सहा खिळे. खिळा वर आला की ठिपका झाला. आत्या उजव्या हाताचं बोट त्यावरून फिरवत वाचायची, ओळ संपली की बटण दाबायची आणि सगळे खिळे खाली बसून दुसरी ओळ वर यायची. सकाळची कॉफी झाली की ती पेपर वाचायची, आणि अप्पांना आमच्या गल्लीच्या बाहेर जगात काय चाललंय ते तिच्याकडून कळायचं.

एका सकाळी डबीतून बारीक कुईं असा आवाज आला आणि खिळे हलेनासे झाले. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती.

"तूं असलींच यंत्रं करतीस नां ऑफिसांत?" आत्या मला म्हणाली. "उघडून पाहा. बिघडलेलें आणखी काय बिघडणार?"

माझं काम खरंच त्यातलं. यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. मी डबी उघडली. खिळ्यांच्या सगळ्या खिडक्या शाबूत होत्या, पण त्यांना हुकूम सोडणारी पाटी जळली होती. ती काढून मी माझ्याकडचा एक छोटा बोर्ड बसवला आणि नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात डीबगरशी बोलणारा एक लहानसा तुकडाही घातला. डीबगर हा माझ्या लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम. चालतं यंत्र हव्या त्या जागी थांबवायचं, त्याच्या स्मृतीत डोकावायचं, मग एकेक पाऊल पुढे न्यायचं, हे त्याचं काम. बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तीन वायरी. एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं, तिसरी अर्थिंगची. सगळा निरोप एकाच तारेतून एकामागून एक ठोके जावेत तसा जातो. याला सीरियल म्हणतात.

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर नुसता कचरा आला, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. दोन्ही बाजूंचा वेग जुळत नव्हता. एक भराभर बोलत होता, दुसरा सावकाश ऐकत होता. वेग सारखा केला आणि पडद्यावर स्वच्छ ओळ आली: बोर्ड थांबलाय, पुढच्या हुकमाची वाट पाहतोय. किती वर्षं मी हे काम करतेय, तरी त्या ओळीपाशी मी अजून जरा थांबते. हातात धरलेल्या एका चिमुकल्या वस्तूचा सगळा काळ उभा राहिलेला असतो आणि तिला ते माहीतही नसतं.

पण यंत्र चालू केलं तेव्हा खिळे भलतेच वर येऊ लागले. मी 'वणक्कम' हा तमिळ नमस्कार पाठवला. आत्यानं बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"हें तमिळ नव्हे, इंग्रजीही नव्हे. बोटाखालून मुंग्या चालल्या जशा."

कुठला हुकूम कुठल्या खिळ्याला जातो ते मला माहीत नव्हतं, आणि ते सांगणारा कागद कंपनीबरोबरच गेला होता. एकेक खिळा उचलून पाहणं एवढाच मार्ग. पांढऱ्या खिडकीतले पांढरे खिळे जेमतेम उचलले जायचे. दिवा तिरपा धरूनही माझे डोळे चुकायचे.

"सरक," आत्या म्हणाली. "मी सांगतें."

मला भीती वाटली. ते खिळे उचलायला आत दोनशे व्होल्टच्या आसपास वीज लागते. टोकं प्लास्टिकची असली तरी झाकण उघडं होतं. मी आतल्या तारांवर जाड टेप लावला, पुठ्ठा आडवा बसवला आणि आधी स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मगच तिचं ठेवू दिलं.

दुपार होती. अप्पा ओसरीवर पेंगत होते आणि मागच्या गल्लीत पितळेच्या समया ठोकण्याचा आवाज चालला होता. मी डीबगरमधून यंत्र थांबवायची, स्मृतीतल्या एका जागी माझ्या हातानं एक आकडा लिहायची आणि यंत्राला एक पाऊल पुढे सोडायची.

"वरचा डावा," आत्या म्हणायची.

मी पुढचा आकडा लिहायची.

"खालचा उजवा. थांब, पूर्ण नाहीं आला. हां, आला."

मी इकडे एक आकडा बदलायची, तो तीन वायरींतून ठोक्याठोक्यानं पलीकडे जायचा आणि आत्याच्या बोटाखाली एक ठिपका उगवायचा. यंत्राचा काळ थांबलेला असल्यामुळे तो ठिपका तसाच वर राहायचा. आत्या त्यावर बोट टेकवून कितीही वेळ बसू शकत होती.

"अक्षर असें एकेका ठिपक्यानें वर येतांना मी कधीं पाहिलें नव्हतें," ती हळूच म्हणाली. ती 'पाहिलें' असंच म्हणते. "अक्षर नेहमीं सगळें एकदमच यायचें."

संध्याकाळपर्यंत आम्हाला कुठली तार कुठे जाते ते सगळं कळलं. एकेक पाऊल चालवलं की अक्षरं अचूक यायची. पण थांबवणं सोडून यंत्राला त्याच्या वेगानं पळू दिलं की पुन्हा मुंग्या. हा आमच्या धंद्यातला सर्वांत छळवादी प्रकार. पाहत असलं की नीट चालतं, नजर काढली की चुकतं.

"तुझें यंत्र सावकाश असलें कीं खरें बोलतें," आत्या म्हणाली.

तेच होतं. खिडक्या जुन्या होत्या, हुकूम घेऊन तो धरून ठेवायला त्यांना थोडा अवधी लागत होता, आणि माझा नवा बोर्ड त्याआधीच पुढचा हुकूम सोडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मध्ये जराशी उसंत घातली. यंत्र पूर्ण वेगात चालू केलं. 'वणक्कम' पाठवलं.

"वणक्कम," आत्या वाचून म्हणाली आणि डबीलाच हात जोडले.

इथं काम संपलं होतं. पण कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, त्या तमिळ तक्त्याशी माझा प्रोग्रॅम शेवटचा ताडून पाहावा म्हणून मी ती यादी उघडली. यादीत शेजारीच मराठीचा तक्ता होता. सहज उघडला. तमिळ 'क'ला पहिला आणि तिसरा ठिपका. मराठी 'क'लाही पहिला आणि तिसरा. 'म' तोच. 'त' तोच. 'आ' तोच. मी खाली खाली जात राहिले.

आमच्या घराची गोष्ट इथं सांगायला हवी. आम्ही मराठी राज्याबरोबर तंजावुरात आलेल्या लोकांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. पण ती मराठी आमच्याकडे कुणी लिहीत नाही, आणि लिहायचीच झाली तर तमिळ अक्षरांत. अप्पांना देवनागरी येत नाही. मला येते, कारण काही वर्षं पुण्यात नोकरी केली. तिथं मी तोंड उघडलं की लोक म्हणायचे, ही पोथीतून बोलते की काय. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी अक्षरं शिकले. आत्याला पाटी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनाला ती वर्षानुवर्षं जाते, तिथली मराठी पदं तिला पाठ आहेत, पण सगळी कानानं आलेली. तिच्यासाठी मराठी ही फक्त तोंडात आणि कानात असणारी गोष्ट होती.

मी तिला काही सांगितलं नाही. यंत्राला मराठीचा तक्ता दिला आणि टाइप केलं: आत्या, जेवायला चल.

खिळे खडखडले. आत्याचं बोट निघालं, पहिल्या शब्दावरून पुढे गेलं आणि परत आलं.

"आ... त्... या. हा कुठला तमिळ शब्द?" ती स्वतःशीच म्हणाली. बोट पुढे सरकलं. "जे, वा, य, ला..."

मग बोट शेवटच्या शब्दावर जाऊन थांबलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"ही आपली बोली आहे!"

"हो आत्या."

"तमिळ अक्षरांत लिहिलीस?"

"नाही. ही मराठीच. पुण्यात छापतात तशी."

"मग मला कशी वाचतां आली?"

मी तिला सांगितलं की आपल्या देशातल्या सगळ्या भाषांना ठिपके एकच ठरवलेत, ज्याचा आवाज सारखा त्याचे ठिपके सारखे. ती म्हणाली, "प्रशिक्षणांत हें सांगितलें होतें. मला वाटलें, तें हिंदीवाल्यांसाठीं. आपली बोली लिहायची असते, हेंच कधीं मनांत आलें नाहीं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही. डोळस माणसांना तमिळ आणि देवनागरी या दोन लिप्यांमध्ये नुसती भिंत दिसते. अप्पा अजूनही तिच्या पलीकडे गेलेले नाहीत. आणि कुणी एका काळी कुठेतरी बसून अंधांसाठी असं ठरवून ठेवलं की भिंतच नको. माझ्या हातून एक मोडकी डबी दुरुस्त झाली होती इतकंच, आणि आत्या एका दमात आमच्या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी होती.

"आणखी लिही," ती म्हणाली.

मी सुचेल ते लिहीत गेले. अंगणात कावळा आलाय. अप्पा निजलेत. साक्कोट्टैची बस चुकली. ती वाचत गेली. 'ग', 'द' आणि 'ब' तमिळमध्ये वेगळे नाहीत, पण इंग्रजी ब्रेल येत असल्यानं तिनं ते ओळखले. अडली ती 'भात' या शब्दावर.

"पहिलें अक्षर काय? चौथा आणि पांचवा ठिपका. हें मला ठाऊक नाहीं."

"भ."

"बात?"

"भ, आत्या. जरा श्वास सोडून. भात."

तिनं हात तोंडासमोर धरला, तळव्यावर वारा लागतो का पाहिलं. "भ. भ. भात." मग मोठ्यांदा हसत, "इतकीं वर्षें मी बात खाल्ला, हा तर भात होता!"

त्या हसण्यानं अप्पा जागे होऊन आत आले. काय चाललंय, म्हणाले. आत्यानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. धाकट्या भावाला ती तमिळमधली 'तंबी' हीच हाक मारते.

"तंबी, डोळे मीट. बोट ठेव. मराठी आहे."

मी 'अप्पा' एवढंच टाइप केलं. अप्पांनी निमूटपणे डोळे मिटले आणि बोट ठेवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"काय लागलें?" आत्यानं विचारलं.

"रवा," अप्पा म्हणाले.

"जाडा कीं बारीक?"

"बारीक."

"उचल बोट. दाबूं नको इतकें," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून ते पहिल्या ठिपक्यावर नेलं. तिचा शाळेतला आवाज लागला होता. "हें अ. सांग पाहूं."