सात नावं काढली, निकाल चार टक्क्यांनी वाढला

प्रार्थना संपली आणि मुख्याध्यापकांनी सात नावं वाचली. माझं चौथं होतं.

“यांनी बाहेर हौदापाशी उभं राहायचं.”

राहिलो. बाकीची आठवी वर्गात गेली. मग ते गुरुजींना म्हणाले, आम्हाला ऐकू जाईल असं, “हे सात काढले की शाळा धुऊन निघाली.”

मला काही वाटलं नाही. पायात बाबांची जुनी चप्पल होती, एका बाजूने झिजलेली. तेवढीच दिसत होती.

पासष्टच्या लढाईनंतरचा हिवाळा. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत अजून बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. बाबा तिथे लेबर. आमची वस्ती अधारतालच्या पुढे. सगळे विदर्भातून आलेले, सगळे बौद्ध. नावं काढलेले सातही या वस्तीतले. शाळा मराठी, समितीची, सरकारी अनुदानावर चालणारी. समितीत फॅक्टरीचे सुपरवायझर आणि हेडक्लार्क. त्यांची मुलं पुढच्या रांगेत.

तपासनीस सांगून गेले होते, लढाईमुळे पैसा कमी आहे, आठवीचा निकाल चांगला लागेल त्याच शाळेचं अनुदान टिकेल. आमच्या आठवीत चौतीस मुलं होती. शिकवून निकाल वाढवायला वर्ष लागतं. नावं काढायला एक सकाळ पुरते.

रीत ठरलेली होती. नको असलेल्या मुलाच्या बापाकडून अर्ज घ्यायचा: घरगुती अडचणीमुळे नाव काढून घेत आहोत. मग ते मूल शाळेचं राहत नाही. नापास झालं तरी शाळेच्या टक्क्यांत येत नाही.

गणिताचे गुरुजी सहामाहीच्या गुणांची बेरीज माझ्याकडून करून घेत. माझा आकडा चुकत नसे. म्हणून मला माहीत होतं. चौतिसांत पाच नापास होते. त्यातले दोन आमच्या सातांतले, तीन पुढच्या रांगेतले. मी पंधराव्या नंबरावर होते. माझ्या नावापुढे होती ती फक्त गैरहजेरी. बाबांची पाळी वाढली की मी डबा घेऊन फॅक्टरीच्या गेटवर जायची, पहिले दोन तास बुडायचे. शाळेच्या फळ्यावर रोज लिहिलेलं असायचं, देशासाठी जास्त उत्पादन. ते करणाऱ्याचा डबा कोण नेतं, हे कुणी लिहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. ते पाळीवर जाता जाता आले, खाकी कपड्यांत. मी त्यांच्यामागे उभी. खुर्ची कुणी दिली नाही.

“पुढल्या साली पोरीला बाहेरून, प्रायव्हेट बसवा,” मुख्याध्यापक म्हणाले. “तिकडे जवान जीव देतात आणि तुम्हाला एक सही जड होते?”

“नाही जी, जड काहून होईन. पण पोरगी पास आहे म्हणते.”

“पोरगी म्हणते!” ते शेजारच्या कारकुनाकडे पाहून हसले. “ऐकलंत? आता यांच्या पोरी निकाल लावणार.”

बाबांनी सही केली. सही तेवढी त्यांना येत होती. पगाराच्या रजिस्टरबाहेर त्यांनी केलेली ती पहिली सही. माझं नाव काढायला.

तेव्हा मी बोलले. “पुढच्या रांगेतले तिघं नापास आहेत. बेरीज मीच केली.”

“बेरीज करायला दिली म्हणून हिशेब मागायचा नसतो.”

मग त्यांचा आवाज बदलला. मऊ झाला. “हुशार आहेस. बरं, तू एकटी बस परीक्षेला. हा अर्ज फाडतो. बाहेर मात्र एक शब्द नाही. बाकीचे सहा गेले.”

बाबा हळूच म्हणाले, “हो म्हण. चलो, हो म्हण ना वं.”

मला तेव्हाही राग आला नाही. फक्त दिसलं, स्वच्छ. हा माणूस चुकलेला नाही. याला सगळे आकडे ठाऊक आहेत. आणि सहांवर माती टाकायला त्याला सातवा हात माझा हवा आहे.

मी म्हणाले, “सातही बसू. दोघं नापास होतील. होऊ द्या. नापास लिहा, पण शाळेच्या नावावर लिहा.”

“घेऊन जा हिला,” ते बाबांना म्हणाले.

 रस्त्यात बाबा म्हणाले, “तू तं बसली असती.”

“हो.”

“मग काहून?”

 ते पाळीवर गेले.

त्या वर्षी सत्तावीस बसले, चोवीस पास झाले. एकोणनव्वद टक्के. शाळेत पेढे वाटले. अनुदान टिकलं. आम्ही सात बसलो असतो आणि सहामाहीसारखाच निकाल लागला असता, तर पंच्याऐंशी टक्के. चार टक्क्यांसाठी सात मुलं.

बाकीच्या सहांपैकी एकही पुन्हा शाळेत गेलं नाही. माझ्या बोलण्याने त्यांना काही मिळालं नाही. हेही लिहून ठेवते. मी दोन वर्षांनी हिंदी शाळेतून आठवी पास झाले.

त्याला वीस वर्षं झाली. आज माझी मुलं शाळेत आहेत. निकालाचा छापील कागद घरी येतो, वर मोठ्या अक्षरांत टक्के. मी शाळेत जाते आणि विचारते, वर्षाच्या सुरुवातीला पटावर कोण कोण होतं? परीक्षेला कोण नव्हतं? नावं सांगा. ऑफिसात म्हणतात, बाई, तुमची मुलं पास आहेत ना, मग तुम्हाला काय करायचंय?

तेच करायचंय. नावं मिळेपर्यंत मी जाणार आहे.